अर्ध्या गावाचं एकच अकाउंट अन् ॲपचं ‘तुमच्यासाठी’ (३ स्टार)

काल आईनी माझा मोबाईल घेतला, शॉपिंगचं ॲप उघडलं तर वरच्या ओळीत लहान बाळाचे डायपर अन् खाली गरोदर बायांची उशी. आई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. भो, माझं अजून लग्न व्हायचंय.

झालंय असं की यावल तालुक्यात माझं झेरॉक्स-रिचार्जचं दुकान आहे. वावरातल्या घरापर्यंत कुरियरवाला जात नाही, म्हणून अर्धं गाव माझ्याच अकाउंटवरून माझ्याच दुकानाच्या पत्त्यावर मागवतं. म्हंजे ॲपच्या लेखी मी एकच माणूस, ज्याला सहावारी साडी लागते, बॅटरीवाला फवारणी पंप लागतो, तलाठी भरतीचं पुस्तक लागतं, गुडघ्याचा पट्टा लागतो अन् डायपर पण लागतात.

दिवाळीनंतरच्या अपडेटमध्ये यांनी ‘तुमच्यासाठी’, म्हंजे ॲप आपल्याला वस्तू सुचवतं तो भाग, नवीन केला, हायब्रिड मशीन लर्निंग (जुन्या खरेदीवरून आपोआप शिकणारं) आहे म्हणे. जळगावला एमसीएला माझा प्रोजेक्ट याच विषयावर होता म्हणून जरा बारकाईने पाहिलं. एक पद्धत वस्तूची माहिती वाचते, नाव, प्रकार, किंमत, अन् तिच्यासारखी दुसरी वस्तू दाखवते. दुसरीला वस्तूशी काही घेणंदेणं नाही, ती फक्त बघते की तुमच्यासारख्या खरेदीवाल्यांनी अजून काय घेतलं. दोन्ही मिसळल्या की हायब्रिड, अन् मिसळायचे प्रकार पण बरेच आहेत, रॉबिन बर्क नावाच्या संशोधकाने २००२ मध्येच सात सांगून ठेवलेत.

आता गंमत ऐका. केळीच्या घडाला डाग पडू नयेत म्हणून घालायची स्कर्टिंग बॅग असते ना, ती एका काकांसाठी मागवली. दुसऱ्या दिवसापासून मला बायांचे स्कर्ट! लांब, आखूड, डेनिमचे, सगळे. हे पहिल्या पद्धतीचं काम, नावातला शब्द धरला अन् सुटलं. दुसरीनी सावरायला पाहिजे होतं, पण तिला माणसं लागतात अन् ही बॅग या ॲपवरून तेव्हा कोण घेत होतं. मग रावेर-यावलकडच्या लोकांनी घेतली असणार, कारण दोन-तीन आठवड्यांत स्कर्ट मागे पडले अन् झाडं वाऱ्याने पडू नयेत म्हणून बांधायची पट्टी दिसायला लागली, ती पण बरोब्बर हव्या त्या रुंदीची. काकांनी लगेच चार बंडल घेतले. हे मात्र मानलं, जुन्या व्हर्जनला जन्मात जमलं नसतं, तिथे मिक्सर घेतला की महिनाभर मिक्सरच.

पण केळीच्या लागवडीचे दोन हंगाम, मृगबाग कोणती अन् कांदेबाग कोणती, हे त्याला अजून कळत नाही, बारा महिने बॅगाच दाखवतंय.

अन् खरी तक्रार वेगळीच आहे. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना मी ॲप उघडतो तेव्हा कोणी गुपचूप काय मागवलं ते वरच झळकतं. एका वहिनींनी मागवलेल्या वस्तूच्या सारख्या सहा वस्तू त्यांच्याच सासऱ्यांसमोर आल्या, मी मोबाईल उलटा ठेवला. ‘रस नाही’ बटण आहे, दाबलं की ती वस्तू जाते अन् तिची बहीण येते. ‘ही ऑर्डर दुसऱ्यासाठी आहे’ अशी एक साधी टिक पेमेंटच्या आधी दिली असती तर अर्धा घोळ मिटला असता, पण ती नाही, अन् कस्टमर केअरला सांगितलं तर बाई म्हणे ॲप अनइन्स्टॉल करून परत टाका.

मॉडेल, म्हंजे असा अंदाज बांधणारं गणित, वाढवून हे सुटत नाही बरं का. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं, कोणाला कोणता सिनेमा किती आवडेल याचा अंदाज १० टक्के सुधारून दाखवा म्हणून, २००९ मध्ये जिंकणाऱ्या टीमने शेकडो मॉडेलं मिसळली होती, अन् ते शेवटचं मिश्रण नेटफ्लिक्सने वापरलंच नाही, बसवायच्या खटाटोपाच्या मानाने फायदा नव्हता. इथे तर चाळीस जण एका नावाखाली आहेत, कितीही घोटा, चटणीच होणार.

शेवटी दुसऱ्या नंबरवर फक्त माझं असं वेगळं अकाउंट काढलं. तिथे उलटीच तऱ्हा, कोरी पाटी, म्हणून सगळ्यांना खपतं तेच, मोबाईलचे कव्हर अन् इअरफोन. भो, माझ्या दुकानात तेच टांगलेत! प्रोजेक्टमध्ये हे कधी दिसलं नव्हतं, कारण तिथे वापरलेल्या मूव्हीलेन्सच्या, म्हंजे सिनेमांना लोकांनी दिलेल्या १ लाख रेटिंगच्या डेटामध्ये ९४३ माणसं होती अन् प्रत्येकाने कमीत कमी २० रेटिंग दिलेलेच, नवखा कोणी नव्हताच. माझ्या आत्ता सात ऑर्डर झाल्यात. कालपासून कव्हरांच्या मध्ये एक ट्रिमर दिसून राहिलाय, तो खरंच घ्यायचा होता.