गट नंबर हाताशी, टिपण कुठे? आठ महिने जमिनीचे कागद शोधल्यानंतर

आजोबांच्या नावची शेती वाटायची ठरली आणि घरात मोबाईल नीट चालवणारा म्हणून कागद काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

सातबारा बघणं सोपं. महाभूलेख या सरकारी साइटवर जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर टाकला की उतारा समोर. पण तो फुकटचा, निव्वळ बघण्यापुरता. कामाला डिजिटल सहीचा लागतो, 15 रुपयांत मिळतो. मी साधा छापून बँकेत नेला आणि हात हलवत परत आलो. सोबत आठ-अ (एका खात्यावरच्या सगळ्या गटांचा उतारा) पण काढाच, नाहीतर एखादा गट नजरेतून सुटतो. आमचा सुटला होता.

खरी मेख नकाशात आहे. भूनकाशा या सरकारी ऑनलाइन नकाशावर आपला गट उठून दिसतो, खातेदारांची नावं येतात, वाटतं झालं काम. शेजाऱ्यांशी बांधावरून कुरबुर होती, म्हणून तोच नकाशा घेऊन गावातल्या एका निवृत्त भूकरमापकांकडे (सरकारी जमीन मोजणाऱ्यांकडे) गेलो. ते हसले. "यावर बांध ठरत नाही बाळा, टिपण आण." टिपण म्हणजे मूळ मोजणीचं कच्चं रेखाटन, मापं साखळी-आण्यांत. एक साखळी 33 फूट, तिचे 16 आणे. 33 बाय 33 फूट म्हणजे बरोबर एक गुंठा! इतकी वर्षं गुंठा गुंठा करत होतो, तो असा निघाला हे तेव्हा कळलं.

टिपण शोधण्यात तीन महिने गेले, कारण मी गट नंबरानं शोधत होतो. आमच्याकडे एकत्रीकरणात (विखुरलेले तुकडे जोडून गट पाडण्याची योजना; कायदा 1947 चा, गावात योजना बरीच नंतर आली) सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. टिपण त्याआधीचं, म्हणजे जुन्या सर्व्हे नंबराखाली. जुन्या-नव्याचा मेळ एकत्रीकरणाच्या जबाबावर लागतो. तो मला ऑनलाइन सापडला नाही, अर्ज करून नक्कल घेतली. त्यासाठी चार खेपा, त्यातल्या दोन "साहेब मोजणीला गेलेत" म्हणून वाया. जबाब हातात आल्यावर उलगडलं, आमचा एक गट दोन सर्व्हे नंबरांच्या तुकड्यांचा आहे. म्हणजे टिपणंही दोन.

तेव्हा जुनी जमीन असेल तर आधी जबाब काढा, मग बाकीचं.

शेवटी मोजणीचा अर्ज केला. खुणा पडल्या त्या आमच्याच उसात, दीड हात आत. 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची नक्कल, माझ्या कपाटात आहे. काका तेव्हापासून मला 'कागदवाले' म्हणतात.