बाळ सांभाळायच्या कामाला एजन्सीमार्फत लागताय? आधी हे वाचा

इंदूरमध्ये जापावाली (बाळंतीण आणि तान्ह्या बाळाची देखभाल करणारी), आया किंवा ‘बेबी केअर’ म्हणून एजन्सीकडून कामाला लागणाऱ्या बायकांसाठी हे लिहिते आहे. माझे पैसे बुडाले, तुमचे बुडू नयेत.

मी रामबागेत राहते. आधी दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात होते, त्यामुळे तान्ह्या बाळाची मालिश, आंघोळ, बाटल्या उकळणं, रात्रीची जागरणं हे सगळं अंगवळणी पडलेलं. विजय नगरातल्या एका एजन्सीने सांगितलं, पगार 14,000, बारा तास, फक्त बाळाचं काम. नोंदणीचे 2,000 रोख घेतले, पावती नाही. आधार आणि दहावीची मार्कशीट पोलीस व्हेरिफिकेशनच्या नावाखाली ठेवून घेतली. त्यासाठी झेरॉक्स पुरते, मूळ कागद ठेवून घ्यायचा एजन्सीला अधिकार नाही.

घरची माणसं सालस होती. पण त्यांना ‘चोवीस तासांची बाई, वरकामासकट’ असं सांगून मला पाठवलेलं. बाळ रात्रभर उठायचं आणि दिवसा ते झोपलं की भांडी माझी वाट बघत असायची. एजन्सीला फोन केला की उत्तर ठरलेलं: “तेच लोक ऐकत नाहीत, थोडं सांभाळून घ्या.” पगारातून दर महिन्याला ‘सुट्टीची कपात’ व्हायची. हातात येत 12,000, कधी त्याहून कमी.

एका दुपारी गच्चीवर दुपटी वाळत घालताना बाळाच्या आजी म्हणाल्या, “मावशी, एवढा पगार असून तुम्ही सारखा अ‍ॅडव्हान्स का हो मागता?” माझ्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. कसला अ‍ॅडव्हान्स? सूनबाईंनी मोबाइल उघडून दाखवला. दर महिन्याला 22,000 एजन्सीच्या खात्यात. वर माझ्या नावाने 5,000, कारण ‘सासूचं ऑपरेशन’. माझ्या सासूबाईंचं कसलंही ऑपरेशन झालेलं नाही. कपात तर त्या घराने एकदाही केलेली नव्हती. आम्ही एकमेकींशी पैशांबद्दल बोलू नये, म्हणून दोन्हीकडे “पगाराचा विषय घरात काढू नका” अशी ताकीद होती. त्या ताकिदीवरच त्यांचा सगळा धंदा चालतो.

दुसरी एक खोड तर याहून वाईट. घराकडून कमिशन मिळालं की एजन्सी बाईला फोन करते, “ते घर सोड, दुसरीकडे जास्त देतात.” बाई उठून येते, नाव तिचं खराब होतं आणि एजन्सी नव्या घराकडून पुन्हा कमिशन उकळते. बाळाला माणसाची सवय झालेली असते, ते आठवडाभर रडत राहतं. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

जाब विचारला तर त्यांनी कानांवर हात ठेवले, वर कागद अडवून धरले. मग जिल्हा कोर्टातल्या विधिक सेवा प्राधिकरणात गेले. 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला, तिची कमाई कितीही असो, तिथे वकील फुकट मिळतो. 15100 वर फोन करूनही विचारता येतं. तिथून पत्र गेलं आणि कागद परत मिळाले. पैसे नाही मिळाले, कारण लेखी काहीच नव्हतं.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये अशा एजन्सींसाठी वेगळा कायदा आहे. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2025 मध्ये घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला केंद्र सरकारला सांगितलं. तो येईल तेव्हा येईल. आज मात्र पगार घरातून थेट आपल्याच खात्यात मागा. तास, रात्रपाळीचे पैसे, आठवड्याची सुट्टी आणि कोणतं काम करायचं नाही, हे साध्या कागदावर लिहून दोघींनी सह्या करा. एजन्सीला एकदाच फी द्या, पावती घ्या. घरच्यांनीही पहिल्याच दिवशी बाईला समोर बसवून तिचा पगार तिच्याच तोंडून ऐकावा.

त्या एजन्सीचा बोर्ड आता उतरला आहे. नंबर तोच, नाव दुसरं, आणि मेसेज अजून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर फिरतोय: ‘तुरंत नौकरी, रहना-खाना फ्री.’