अळंबीचे बीजाणू: ठशातून घ्यावेत की पात्यातून?

अळंबीच्या टोपीखालच्या पात्याचा बारीक तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर काही मिनिटांतच बीजाणू, म्हणजे अळंबीचे बीजासारखे सूक्ष्म कण, दिसतात आणि कधी एकाच पेशीवर उभे असलेले चार बीजाणूही सापडतात. परंतु त्यांतले पक्व कोणते आणि अर्धवट वाढलेले कोणते, हे नवशिक्याला ओळखणे कठीण जाते. टोपी काचपट्टीवर रात्रभर झाकून ठेवून मिळवलेल्या ठशात मात्र अळंबीने स्वतःहून सोडलेले, म्हणजे पक्व बीजाणू असतात, शिवाय त्यांचा एकत्रित रंगही कळतो. म्हणून मोजमापासाठी मी ठसाच निवडेन. पुष्कळ बीजाणू ५ ते १५ मायक्रोमीटर लांबीचे असल्याने ४०० पट वर्धनात आकार समजतो. पृष्ठभागावरचे बारीक काटे पाहण्यासाठी १००० पट वर्धन आणि तेलाचा थेंब लागतो. वाळलेल्या नमुन्याचा ठसा मिळत नाही, तेथे पातेच घ्यावे.