पेट शॉपमधलं 'किटन किट': पैसे कशावर घालावेत आणि पिशवीतून काय परत काढावं

पावसाळा लागला की मुंबईत जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, पार्किंगमधल्या गाडीच्या बॉनेटमध्ये मांजरीची पिल्लं सापडायला लागतात. ज्याला सापडतं तो जवळचं पेट शॉप गाठतो आणि काउंटरवरचा मुलगा पाच मिनिटांत पिशवी भरून देतो: दुधाची पावडर, बाटली, लिटरची (मांजराच्या शी-शूसाठीच्या मातीची) थैली, ट्रे, शाम्पू, घुंगराचा पट्टा, कोरड्या खाण्याचं पाकीट, पिसाचं खेळणं. क्रॉफर्ड मार्केटपासून बोरिवलीपर्यंत ही पिशवी थोड्याफार फरकाने सारखीच. हे परीक्षण त्या पिशवीचं आहे, कुठल्या एका दुकानाचं नव्हे. आईवेगळं पिल्लू पहिल्या चार आठवड्यांत दगावतं ते बहुतेक वेळा गारठ्याने, फुप्फुसात दूध गेल्याने किंवा जुलाबाने. म्हणून प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: यातलं काय टाळायला ही उपयोगी पडते?

त्याआधी एक खात्री. मांजरी पिल्लांना एकेक करून दुसरीकडे हलवते, तेव्हा एकटं दिसलेलं पिल्लू टाकलेलंच असतं असं नाही. ते उबदार, शांत आणि पोट भरलेलं असेल तर दूरवर थांबून तीन-चार तास वाट बघा. पावसात भिजत असेल तर तिथेच जवळ कोरड्या जागी सरकवा. कुठलीही पावडर आईच्या दुधाची बरोबरी करत नाही. मात्र अंग गार लागत असेल किंवा पिल्लू सतत ओरडत असेल तर वाट बघू नका.

पिशवीतली सगळ्यात महाग वस्तू दुधाची पावडर, आणि पूर्ण पैसे वसूल करणारीही तीच. रॉयल कॅनिनचं बेबीकॅट मिल्क, पेटॅगचं केएमआर, बीफारची मांजरांच्या पिल्लांसाठीची पावडर, यातली जी ताज्या तारखेची मिळेल ती घ्या. ब्रँडवरून फार डोकं शिणवू नका, पण डब्यावर 'किटन' लिहिलंय ना ते बघा. 'पपी'चा डबा 'सेम असतो' म्हणून हातात दिला जातो. तो परत करा, कुत्रीच्या आणि मांजरीच्या दुधाचं गणित वेगळं आहे. मोठ्या मांजरांसाठी मिळणारं तयार 'कॅट मिल्क' हे खाऊसारखं असतं, त्यावर पिल्लू वाढत नाही.

गाईचं दूध का चालत नाही, याचं 'लॅक्टोज पचत नाही' हे उत्तर अर्धंच आहे. मांजरीच्या दुधातही लॅक्टोज असतंच, साधारण ४ टक्के. पण त्यात प्रथिनं ७ टक्क्यांच्या वर असतात. गाईच्या दुधात ती सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पोटभर गाईचं दूध पाजलं तरी पिल्लू उपाशी, आणि पोट भरायला जास्त पाजलं तर जादा लॅक्टोजने जुलाब. त्यात पाणी घालून पातळ करणं हा तर दुहेरी तोटा. बाळाच्या फॉर्म्युल्यात प्रथिनं आणखी कमी असतात. रात्री दुकानं बंद असतील आणि पावडर मिळेपर्यंत काही तास काढायचे असतील, तर कोमट ओआरएस थेंबाथेंबाने द्या. सकाळी मात्र पावडर हवीच.

किती लागेल? अशा पावडरींत १०० ग्रॅममागे ५०० किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा असते आणि पिल्लाला १०० ग्रॅम वजनामागे दिवसाला साधारण २० किलोकॅलरी लागतात. जन्मापासून चार आठवड्यांपर्यंत वजन १०० ग्रॅमवरून ४०० वर जातं. हिशेब केला तर एका पिल्लाला एकूण ३०० ग्रॅमची पावडर पुरते. दोन आठवड्यांचं पिल्लू सापडलं असेल तर त्याहून बरीच कमी. मोठा डबा 'स्वस्त पडतो' म्हणून घेण्यात अर्थ नाही. मुंबईच्या दमट हवेत उघडी पावडर गोळे धरते आणि तिच्यातलं तूप खवट होतं. उघडल्यावर हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, चमचा कोरडा असू द्या. सुटी, पुन्हा बांधलेली पावडर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

पाण्याचं प्रमाण डब्यावरचंच पाळा. केएमआरसाठी ते एक माप पावडरीला दोन मापं पाणी असं आहे. दुसऱ्या कंपनीचं वेगळं असू शकतं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात ढवळा, फेस बसू द्या आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा: ना गार, ना गरम. कालवलेलं दूध फ्रीजमध्ये २४ तास टिकतं. बाटलीत उष्टं राहिलेलं मात्र टाकून द्यायचं, तिथे काटकसर नको.

बाटली ही किटमधली सगळ्यात फसवी वस्तू. बहुतेक निपलना भोक पाडलेलं नसतं आणि दुकानात ते कोणी सांगत नाही. पिल्लू चोखून चोखून थकतं, घरचे म्हणतात 'पीतच नाही'. मग कोणीतरी कात्रीने टोक उडवतं आणि दूध धो धो येऊन पिल्लाच्या नाकातून बाहेर पडतं. शिवणाची सुई गॅसवर तापवून टोकाला एकच बारीक भोक पाडा. बाटली उलटी धरल्यावर एक थेंब येऊन लोंबकळावा, हलकं दाबल्यावर पडावा. आपोआप धार लागली तर ते निपल फेकून दुसरं घ्या. दोन-तीन सुटी निपल मिळत नसतील तर ती बाटलीच घेऊ नका.

मेडिकलमधली बिनसुईची २ मिलीची सिरिंज काही दिवसांच्या पिल्लासाठी बाटलीपेक्षा बरी, आणि किमतीलाही किरकोळ. तिची एकच खोड आहे: धुऊन धुऊन आतलं रबर आवळतं, दट्ट्या अडकतो, जोर लावला की एकदम सुटतो आणि अर्धा मिली दूध एका दमात घशात जातं. रबर अडखळायला लागलं की सिरिंज बदला. घरातलं बोंडलं, चमचा, कापसाचा बोळा यातलं काहीही नको. यात किती गेलं ते कळत नाही आणि ठसका लागतो.

पाजताना पिल्लू पालथंच, आईला पिताना असतं तसं, मान किंचित वर. तान्ह्या बाळासारखं उताणं कधीही धरू नका. नाकातून दूध आलं तर थांबा, डोकं खाली करून पुसून घ्या. नंतर श्वासाला खरखर आली किंवा पिल्लू मलूल पडलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. एकूण दूध १०० ग्रॅम वजनामागे दिवसाला २५ मिलीच्या आसपास धरा, एका वेळी १०० ग्रॅममागे ४ मिलीच्या वर नाही. २०० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाचं ५० मिली, सात-आठ वेळा. पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. तिसऱ्या आठवड्यात चार-पाच तासांवर येतं. शिवाय दर वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शी-शूच्या जागी हलकं चोळायचं, कारण साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला ते स्वतःहून जमत नाही. कापसाचं पाकीट कुठल्याही किटमध्ये नसतं.

आणि नसतो तो काटा. या सगळ्यात सर्वांत जास्त उपयोगाची वस्तू स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, १ ग्रॅमपर्यंत मोजणारा. पिल्लू डब्यात ठेवून रोज एकाच वेळी वजन करा आणि लिहून ठेवा. रोज १० ते १५ ग्रॅम वाढ ठीक. एक दिवस वाढ नाही म्हणजे सावध. वजन घटलं तर डॉक्टर. पोट गोल दिसतंय यावर जाऊ नका, जंतांनीही पोट गोल दिसतं.

उबेसाठी दुकानात इलेक्ट्रिक पॅड दाखवतात. घ्यायची गरज नाही. आपोआप बंद होणारा पॅड पहाटे तीनला बंद झाला तर कळतही नाही, आणि न बंद होणारा पिल्लाला भाजतो. गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लू बाजूला सरकेल. पहिल्या आठवड्यात खोक्यात ३० अंश सेल्सिअसच्या आसपास हवं. 'मुंबईत कुठली आलीय थंडी' हे एसी लावलेल्या खोलीत किंवा पावसाने ओल्या झालेल्या पिल्लाला लागू होत नाही. अंग गार असताना दूध पाजणं ही सगळ्यात घातक चूक. गारठ्यात आतडं चालत नाही, दूध पोटात तसंच राहतं. आधी तासभर ऊब, मग दूध.

लिटरची थैली आकाराने मोठी म्हणून मोलाची वाटते. किटमध्ये बहुधा गोळे होणारं बेंटोनाइट (एक प्रकारची माती) असतं. मोठ्या मांजरासाठी ते उत्तम. महिन्या-दीड महिन्याचं पिल्लू मात्र सगळं तोंडात घालून बघतं आणि पोटात गेलेली ही माती फुगते. दोन महिन्यांपर्यंत लाकडी पेलेट (भुशाच्या दाबलेल्या गोळ्या) किंवा फाडलेला वर्तमानपत्राचा कागद वापरा. टोफू लिटर (सोयाबीनच्या चोथ्याचं) वासाला बरं, पण जुलैमध्ये उघड्या थैलीत त्याला बुरशी येते. त्यावर 'फ्लश करा' लिहिलेलं असलं तरी जुन्या चाळींच्या आणि इमारतींच्या पाइपांत ते टाकू नका. प्लंबर त्या थैलीपेक्षा महाग पडतो. झाकणाचा ट्रे आत्ता वाया. दोन इंच काठाचा कुठलाही उथळ प्लास्टिक ट्रे पुरतो, उंच काठावरून पिल्लाला चढता येत नाही. ट्रे गरम पाण्याने आणि साबणाने धुवा. फिनाइल, डेटॉल घरातल्या लादीवरही नको. पंजाला लागलेलं मांजर चाटतं आणि त्यातली फिनॉलवर्गी रसायनं त्याच्या यकृताला झेपत नाहीत.

कोरडं खाणं चौथ्या आठवड्यापर्यंत कपाटातच राहणार. दात आल्यावर किटनचं ओलं खाणं किंवा पावडरीच्या दुधात भिजवून मऊ केलेले दाणे बशीत द्यायला लागा. पाकिटावर 'अडल्ट' असेल तर बदलून घ्या. आणि कोळीण रोज देते म्हणून नुसत्या बांगड्यावर पिल्लू वाढवू नका: सतत तेलकट मासे खाल्ले की ई जीवनसत्त्व कमी पडतं. सुके बोंबील खारट. उकडलेलं बिनमिठाचं चिकन वर चालेल, मुख्य खाणं म्हणून नाही.

शाम्पू, पट्टा आणि पिसाचं खेळणं पिशवीतून काढून ठेवा. भिजलेलं पिल्लू गारठतं, त्यामुळे शाम्पूचं काम कोमट ओल्या फडक्याने करा. पट्ट्यात खालचा जबडा किंवा पाय अडकतो. पिसाचा दोरा गिळला गेला तर आतड्याची शस्त्रक्रिया करावी लागते. पिसवांसाठी बारीक दातांची फणी घ्या, ती खरोखर कामाची. पिसवा फार झाल्या तर एवढ्याशा जिवाला रक्त कमी पडतं. कुत्र्यांच्या पिसवांवरचे परमेथ्रिनचे थेंब मात्र मांजरासाठी जीवघेणे आहेत. घरातली पॅरासिटामॉलची गोळीही, अगदी तुकडासुद्धा.

किटच्या पैशांतून वाचलेले डॉक्टरसाठी ठेवा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकापासून आहे, महालक्ष्मीला टाटांचं स्मॉल ॲनिमल हॉस्पिटल आहे. जवळचा डॉक्टर असेल तर रात्री कोण बसतं ते आधीच फोन करून विचारून ठेवा. पहिल्या भेटीत वजन, शीची तपासणी आणि जंताचं औषध एवढं तरी व्हावं. जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांपासून सुरू होतं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा द्यायचं असतं. मात्रा वजनावर, अंदाजाने नाही. तिहेरी लस सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी चार महिन्यांपर्यंत. रेबीजची बारा आठवड्यांनंतर. पिल्लाने चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी जा, पालिकेच्या रुग्णालयांत ती मिळते. 'एवढंसं तर पिल्लू' हे कारण चालत नाही.

डॉक्टरकडे न्यायला पारदर्शक घुमट असलेली पाठीवरची बॅग फोटोत छान दिसते, पण उन्हात रिक्षात आत भट्टी होते. वरून उघडणारा, दोन बाजूंनी जाळी असलेला कडक प्लास्टिकचा पेटारा घ्या. बिथरलेलं मांजर दाराने ओढून काढण्यापेक्षा वरून उचलणं सोपं, आणि मोठं झाल्यावरही तोच चालतो. सोबत खिडकीच्या कबुतरजाळीचं भोक मोजून बघा. दोन इंचांच्या भोकातून दोन महिन्यांचं पिल्लू आरामात निसटतं, त्यामुळे खालच्या दोन फुटांवर एक इंची जाळी पुन्हा लावून घ्यावी लागते.