रातराणी: पावसाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचा अनुभव

रातराणी लावावी की नाही, हे ती घरापासून किती लांब आणि वाऱ्याच्या कुठल्या बाजूला लावणार यावर ठरतं. माती, खत, पाणी हे सगळं नंतरचं. गेल्या जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर कोल्हापुरात फुलेवाडीतल्या आमच्या घराच्या फाटकाशेजारी ती लावली. आता ऊन तापायला लागलंय, म्हणजे तिन्ही ऋतू तिच्यासोबत काढून झाले.

रोप नर्सरीतून दीडशे रुपयांना आणलं, गुडघ्याएवढं, काळ्या पिशवीतलं. आमच्या अंगणातली माती काळी, जुलैत नुसता राडा होतो. म्हणून खड्ड्यात तांबडी माती, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घातली आणि बुंध्याला उंचवटा केला. पाणी निथळलं की हिला बाकी फारसं काही लागत नाही. दसऱ्यापर्यंत ती कंपाउंडच्या वर गेली. फांद्या लांबलचक, लवचिक आणि जरा बेशिस्त असतात, रस्त्यावर लोंबतात, त्यामुळं काठी बांधावीच लागते. मोकळी सोडली तर बारा-तेरा फुटांवर जाते, तेव्हा छोट्या जागेत छाटणीला आळस करून चालत नाही. आणि शेणखताचा मोह आवरा. खत जास्त झालं की नुसता पालाच माजतो.

दिवसा हे झाड दिसायला अगदीच सामान्य. पानांच्या बगलेत हिरवट-पांढऱ्या, इंचभर लांबीच्या बारीक नळ्यांचे घोस, तोंडं मिटलेली. पाहुण्यांना सांगितलं नाही तर त्यांना ती फुलं आहेत हेसुद्धा कळत नाही. दिवेलागणीनंतर नळीच्या टोकाच्या पाच टोकदार पाकळ्या सुटायला लागतात आणि बारीक चांदणी दिसते. वास मात्र लगेच येत नाही. आमची जेवणं आटपेपर्यंत तो दाटतो, पहाटे विरतो आणि सकाळी फुलं पुन्हा मिटलेली. हे उघडणं-मिटणं नुसत्या अंधारावर चालत नाही, झाडाला स्वतःचं घड्याळ असतं. तशा आशयाचा एक अभ्यास 1960 साली अमेरिकेतल्या वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला होता. निसर्गात हा सगळा खटाटोप रात्री फिरणाऱ्या पतंगांसाठी असतो, आपण फुकटचे लाभार्थी. गजरा करावा, देवाला वाहावी, असलं काही हिच्या फुलांचं होत नाही. त्यासाठी जाई, मोगरा लावा.

बहर सलग नसतो. आठवडाभर घमघमाट, मग काही आठवडे सामसूम, की परत नवे घोस. ऑगस्टच्या झडीत फुलं होती, पण वास जवळजवळ नव्हता. खरी मजा आली ती नवरात्रानंतर.

आता वाऱ्याचं. आमचं फाटक पूर्वेला. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, म्हणजे गगनबावड्याच्या बाजूनं येतो, तो सगळा वास रस्त्यावर घेऊन जायचा. येणारे-जाणारे खूश, आम्ही कोरडे. दिवाळीच्या आसपास वारं फिरलं आणि तोच वास थेट बैठकीत यायला लागला. फाटक ते बैठकीची खिडकी पंचवीसएक फूट अंतर आहे, म्हणून तो सुखाचा वाटला. हेच झाड खिडकीला टेकून असतं तर आम्ही रात्री खिडकी लावून बसलो असतो. हा वास नाक जवळ नेऊन घ्यायचा नाहीच. लांबून गोड, जवळून घशाशी येणारा. सासूबाईंना दमा आहे, त्यांची खोली मागच्या बाजूला, म्हणून तर जागा फाटकाजवळची निवडली. त्यांना त्रास झाला नाही. नणंदबाई मात्र दिवाळीला आल्या, रात्री व्हरांड्यात गप्पा मारत बसल्या आणि तासाभरात डोकं धरून आत आल्या. काहींना हिच्या उग्र वासानं डोकेदुखी, मळमळ होते, दम्याच्या माणसाला श्वासाचाही त्रास होऊ शकतो. तेव्हा रोप आणायच्या आधी ज्याच्या अंगणात झाड असेल तिथं रात्री अर्धा तास बसून बघा. फ्लॅटच्या बंदिस्त बाल्कनीत, झोपायच्या खोलीला लागून असेल, तर माझा सल्ला सरळ नको असा आहे.

आणि आता ते, जे नर्सरीवाले बहुधा सांगत नाहीत. रातराणी विषारी आहे. वांगी, टोमॅटो, मिरची, तंबाखू, धोतरा या सगळ्यांची ही भावकी. मूळची वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेकडची. हात लावून काही होत नाही, पण पान, फूल, फळ काहीही पोटात जाता कामा नये. उलट्या, ताप, नाडी जलद होणं असे त्रास होतात. फुलांनंतर काही घोसांवर पांढरी, मऊ, मोत्यासारखी फळं धरली. लहान पोरांचा हात पहिला तिकडंच जाणार. मी बहर संपला की वाळके घोस कात्रीनं कापूनच टाकते, फळ धरायची वाटच बघत नाही. फळं पक्षी खातात आणि बी लांबवर टाकतात, म्हणून हवाई, न्यूझीलंड अशा ठिकाणी ही उपद्रवी तण म्हणून गणली जाते. चुकून कुणी खाल्लंच तर घरगुती उपाय करत बसू नका. फांदी पिशवीत घालून सोबत घ्या आणि सरकारी दवाखाना, म्हणजे आमच्याकडं सीपीआर रुग्णालय, गाठा.

कोल्हापुरात याहून मोठी काळजी म्हशींची. संक्रांतीनंतर छाटणी केली, फांद्यांचा भारा फाटकाबाहेर ठेवला होता आणि मी तिथंच उभी होते. पलीकडच्या गोठ्यातले मामा थांबले.

"वहिनी, पाला टाकून देताय व्हय? द्या की, रेडकापुढं टाकतो."

"नको मामा, विषारी असतोय हा."

"आं? एवढा हिरवागार हाय की!"

"धोतऱ्याच्या भावकीतला हाय."

धोतरा म्हटल्यावर त्यांनी हात मागं घेतला. रातराणीच्या भाऊबंदांनी जनावरांचं केलेलं नुकसान नोंदलेलं आहे. ऑस्ट्रेलियात हिरवा सेस्ट्रम हे तिच्याच जातकुळीतलं झुडूप खाऊन गुरांचं यकृत निकामी होऊन ती दगावतात. फ्लोरिडात दिन का राजा, म्हणजे दिवसा वास देणारा तिचा भाऊ, खाऊन घोड्यांच्या, गाईंच्या अंगात कॅल्शियम साठत गेलं. तेव्हा छाटलेला पाला रस्त्याकडेला, उकिरड्यावर टाकायचा नाही, मोकाट गाय कधीही तोंड घालते. मी खड्डा घेऊन पुरते, वर पाचट अंथरते.

साप येतो का, हे सगळेच विचारतात. सासूबाईंनीही विचारलं होतं. आमच्याकडं अजून दिसला नाही. वासाला भुलून साप येतो यात काही तथ्य नाही, पण बुंध्याशी गचपण माजलं की बेडूक, उंदीर लपतात आणि त्यांच्यामागं साप येऊ शकतो. ते कुठल्याही झुडपाला लागू आहे. बुंध्याजवळच्या फूटभर फांद्या काढून टाका, जमीन दिसली पाहिजे.

किडीचं म्हणाल तर थंडीत पिठ्या ढेकूण आला. निंबोळी अर्कात थोडा साबण मिसळून दोनदा फवारला, आटोक्यात आला. पांढरी माशी अधूनमधून असतेच, तिचं मी फार मनावर घेत नाही.

रोप घेताना दिन का राजा तर हातात येत नाही ना, तेवढं बघा. दोघांची पानं चटकन ओळखू येत नाहीत. त्याची फुलं पांढरी, दिवसा वास देणारी आणि फळं काळी चकचकीत असतात. खरं तर विकत घ्यायची गरजच नाही. पावसाळ्यात वीतभर फांदी ओल्या मातीत खोचली तरी फुटते. गल्लीत तिघींनी मागून ठेवली आहे. दोघींना देणार. तिसरीच्या घरी रांगतं पोर आहे, तिला मोगऱ्याचं रोप आणून देते म्हटलंय.