टी१००० लो प्रोफाइल ग्राफिक्स कार्ड : छोट्या कॅबिनेटमध्ये आठ महिने वापरल्यावर

कॅबिनेटचं झाकण उघडून पट्टीने आतली जागा मोजली, तिथून माझी खरी निवड सुरू झाली. त्याआधी आठवडाभर मी कुठलं ग्राफिक्स कार्ड गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, देतं याचे तक्ते वाचत बसले होते, आणि त्यातली निम्म्याहून जास्त कार्डं माझ्या मशीनमध्ये बसणारच नव्हती. म्हणून आधी मशीनबद्दल सांगते, मग मी घेतलेल्या एनव्हिडियाच्या टी१००० कार्डाबद्दल.

मशीन म्हणजे ऑफिसातून निघालेला, चपट्या कॅबिनेटचा जुना कॉम्प्युटर. आय५-६५०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एक एसएसडी, एक हार्ड डिस्क आणि १८० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. घरात हा एकच कॉम्प्युटर आहे. मी त्यावर शिकवणीचे व्हिडिओ एडिट करते, मुलगा संध्याकाळी गेम खेळतो, आणि रात्री तोच टीव्हीला जोडलेला असतो. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर लिहिणं-वाचणं ठीक चालायचं, पण मोबाइलवर काढलेला फोर-के व्हिडिओ टाइमलाइनवर टाकला की चित्र अडकत अडकत पुढे सरकायचं. दहा मिनिटांचा धडा एक्स्पोर्टला लावायचा आणि दुसऱ्या कामाला लागायचं, असं चाललं होतं.

आता मापं. साध्या कार्डाची मागची धातूची पट्टी, म्हणजे ब्रॅकेट, १२ सेंमी उंच असते. लो प्रोफाइलची, म्हणजे कमी उंचीच्या कार्डाची, साधारण ७.९ सेंमी. लांबीला माझ्याकडे पुढच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत साडेसतरा सेंमी जागा भरली. पण सगळ्यात महत्त्वाचं माप वेगळंच निघालं : जाडी. माझ्या बोर्डावर कार्ड बसवायचा मोठा, १६ लेनचा (लेन म्हणजे डेटा जायची वाट) स्लॉट अगदी एसएमपीएसच्या कडेला आहे. दोन स्लॉट जागा घेणारं कार्ड तिथे शिरतच नाही. शेजारचा दुसरा स्लॉट मोकळा आहे, पण तो चार लेनचा आणि कार्डाचा पंखा त्या बाजूला तोंड करत नाही, म्हणून ती मोकळी जागा जाड कार्डाच्या कामाची नाही. या एका गोष्टीने जीटीएक्स १६५० ची जवळजवळ सगळी लो प्रोफाइल कार्डं बाद झाली, आरटीएक्स ए२००० बाद झालं, आणि २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० सुद्धा. हे शेवटचं सोडताना मला खरंच वाईट वाटलं, कारण ७० वॉटमध्ये, वेगळी पॉवर केबल न लावता एवढं काम करणारी कार्डं या गटात थोडीच आहेत. तुमच्या कॅबिनेटमध्ये स्लॉटच्या खाली एक बोट मोकळी जागा असेल, तर माझा बाकीचा लेख बाजूला ठेवा आणि ते कार्ड बघा.

दुसरी गाठ पॉवरची. मोठ्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळू शकतात, त्यातले १२ व्होल्टवरचे ६६. पण हे स्लॉटचं झालं; एसएमपीएसला तेवढं झेपतं का हा प्रश्न वेगळाच. ऑफिसच्या मशीनमधले एसएमपीएस आकाराने आणि कनेक्टरने इतके खास असतात की बाजारातला साधा एसएमपीएस आणून बसवता येत नाही. माझा हिशेब असा होता : प्रोसेसर ६५ वॉट, बोर्ड-रॅम-डिस्क मिळून तीसेक धरले, म्हणजे कार्डासाठी ५० च्या आसपासच थांबायचं. १८० चा आकडा बघून अजून ८५ उरतात असं वाटतं, पण जुना एसएमपीएस काठोकाठ चालवायची माझी तयारी नव्हती.

एक स्लॉट, ५० वॉट, लो प्रोफाइल. या तीन चाळण्यांतून जेमतेम चार-पाच नावं खाली पडली.

जीटी १०३० सगळ्यांना माहीत असतं, आणि त्यातच सर्वात जास्त फसगत होते. २०१७ मध्ये आलेल्या मूळ कार्डावर जीडीडीआर५ मेमरी होती, तिचा वेग सेकंदाला ४८ जीबी. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ चं कार्ड आलं, त्याचा वेग १६.८ जीबी. नाव तेच, खोक्यावर फरक बारीक अक्षरात, आणि कामात जमीन-अस्मानाचं अंतर. शिवाय दोन्हींमध्ये व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे एक्स्पोर्ट करताना व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा भाग, नाही, म्हणजे माझं एक्स्पोर्टचं काम होतं तिथेच राहिलं असतं. जीटी ७१० आणि ७३० तर आता कुणी फुकट दिलं तरी घेऊ नये. त्यांचे नवे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, कधीच बंद झाले आहेत. नुसता दुसरा मॉनिटर जोडायचा असेल तर गोष्ट निराळी.

आरएक्स ६४०० वर मी बराच वेळ अडले होते. ५३ वॉट, एका स्लॉटची कार्डं मिळतात, गेममध्ये टी१००० च्या बरोबरीला उभं राहतं. पण ते बोर्डाशी फक्त चार लेनने बोलतं. पीसीआय एक्स्प्रेस (स्लॉटची जोडणी) ४.० च्या नव्या बोर्डावर त्या चार लेन म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी, माझ्या ३.० च्या बोर्डावर त्याचे ४ होतात. कार्डावरची ४ जीबी मेमरी भरली की गेमला राहिलेला माल मुख्य रॅममधून ओढावा लागतो, आणि तो रस्ताच अर्धा झालेला. त्यात या कार्डातही एन्कोडर नाही. नव्या मशीनवर फक्त गेम खेळणाऱ्यासाठी ते चांगलं कार्ड आहे, जुन्या मशीनवर एडिटिंग करणाऱ्यासाठी नाही. इंटेलचं आर्क ए३१० माझ्या कामाला मनापासून आवडलं असतं, एव्ही१ (व्हिडिओ दाबायची नवी पद्धत) एन्कोड करणारं एवढं छोटं कार्ड म्हणजे चैनच. पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि सहाव्या पिढीच्या माझ्या बोर्डाच्या बायोसमध्ये ती सोयच नाही.

क्वाड्रो पी१००० पण यादीत होतं. ४७ वॉट, छान, थंड कार्ड. त्याला नाही म्हणायचं कारण वय. पास्कल पिढीची नियमित ड्रायव्हर आवृत्ती ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आता फक्त सुरक्षेपुरते अपडेट मिळतात. टी१००० त्यापुढच्या ट्युरिंग पिढीचं, २०२१ चं. ८९६ कोअर, ४ जीबी जीडीडीआर६, १२८ बिटचा मेमरी बस, ५० वॉट, लांबी १५.६ सेंमी. माझ्या साडेसतरात आरामात. ८ जीबीचंही मिळतं, चिप तीच. मी सेकंड हँड ४ जीबीचं घेतलं.

इथे एक त्रास झाला तो सविस्तर सांगते, कारण तो टाळता येतो. कार्ड आलं ते पूर्ण उंचीच्या ब्रॅकेटसह. छोटा ब्रॅकेट खोक्यात नव्हता, आणि विकणाऱ्याला विचारलं तर त्याच्याकडेही नव्हता. मला धीर निघेना म्हणून ब्रॅकेट काढून कार्ड तसंच स्लॉटमध्ये बसवलं. चार दिवस चाललं. मग एका संध्याकाळी टेबल पुसताना मागच्या केबलला जरा धक्का लागला आणि दोन्ही मॉनिटर काळे. झाकण काढून बघितलं तर केबलच्या वजनाने कार्ड मागच्या बाजूला खाली झुकलं होतं, कार्डाच्या काठावरच्या सोनेरी पट्ट्या एका टोकाला स्लॉटबाहेर डोकावत होत्या. चालू मशीनमध्ये हे झालं, कार्ड आणि बोर्ड दोन्ही वाचले. त्यानंतर छोटा ब्रॅकेट मागवून तो हातात येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन आठवडे, कार्ड पाकिटात ठेवलं. लो प्रोफाइल कार्ड सेकंड हँड घेताना पहिला प्रश्न ब्रॅकेटचा विचारा आणि दोन्ही ब्रॅकेटचा फोटो मागा.

दुसरं, कार्ड लावल्यावर लगेच जीपीयू-झेड चालवून कोअरचा आकडा आणि मेमरी बस ताडून बघा. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवून विकलेली कार्डं बाजारात आहेत आणि हे सॉफ्टवेअर त्यातली बरीच पकडतं.

टी१००० च्या मागे चार मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत, एचडीएमआय नाही. मॉनिटरला सरळ केबल मिळाली, टीव्हीसाठी घरात पडलेला साधा अडॅप्टर लावला. चित्र आलं, पण माउसचा बाण टीव्हीवर ओढल्यासारखा हलायचा. आठवडाभर मी ड्रायव्हरला दोष देत होते. शेवटी डिस्प्ले सेटिंगमध्ये बघितलं तर फोर-केला ३० हर्ट्झच, म्हणजे सेकंदाला ३० चित्रंच, दिसत होते. स्वस्त पॅसिव्ह अडॅप्टर एवढंच देतो; ६० हर्ट्झसाठी ॲक्टिव्ह अडॅप्टर लागतो. तो घेतला आणि प्रश्न मिटला. पोर्ट एकमेकांना इतके खेटून आहेत की जाड तोंडाचे दोन अडॅप्टर शेजारी बसत नाहीत, तेव्हा लहान शेपटीचे घ्या.

आता काम कसं होतं ते. एडिटिंगमध्ये पडलेला फरक मला पहिल्या दिवशी जाणवला आणि आठ महिन्यांनीही जाणवतो. मोबाइलचा दहा बिटचा एचईव्हीसी (मोबाइल ज्यात व्हिडिओ साठवतो तो प्रकार) व्हिडिओ टाइमलाइनवर पुढे-मागे ओढला तरी चित्र हाताबरोबर चालतं. रंग दुरुस्त करताना बदल तिथल्या तिथे दिसतो. एक्स्पोर्टचं काम कार्डाच्या एन्कोडरकडे दिल्यापासून धडा संपवून एकदा नजर फिरवेपर्यंत फाइल तयार असते. टीव्हीवर बारीक अक्षरांचा फळा नीट दिसावा म्हणून मी बिटरेट (दर सेकंदाला वापरायचा डेटा) थोडा जास्त ठेवते, कारण प्रोसेसरवर सावकाश केलेलं एन्कोडिंग त्याच आकारात किंचित स्वच्छ दिसतं. वेळेच्या बदल्यात एवढी मोठी फाइल मला चालते.

गेमबद्दल मुलाचं मत माझ्यापेक्षा मोलाचं. १०८० पिक्सेलवर पाच-सहा वर्षांपूर्वीचे गेम मध्यम सेटिंगवर तो मजेत खेळतो. नवे, जड गेम ४ जीबी मेमरीत मावत नाहीत. तिथे टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचा बारकावा) सगळ्यात खाली आणावं लागतं आणि तरी मधेच झटका बसतो. एवढ्यासाठीच मी आज पुन्हा घेतलं तर ८ जीबीचं शोधेन.

एक उणीव मला आधी कळायला हवी होती : हे कार्ड एव्ही१ डिकोड करत नाही, म्हणजे तो व्हिडिओ स्वतः उलगडून दाखवू शकत नाही. ब्राउझरमधले बरेच व्हिडिओ आता एव्ही१ मध्येच येतात, आणि ते आले की सगळा भार प्रोसेसरवर पडतो, चार कोअर नव्वद टक्क्यांवर जातात. ब्राउझरला एक एक्स्टेन्शन लावून त्याऐवजी व्हीपी९ हा जुना प्रकार मागायला शिकवलं, तेव्हापासून फोर-के शांतपणे चालतं. फक्त टीव्हीवर व्हिडिओ बघायलाच कार्ड घेणार असाल तर हा मुद्दा मोठा आहे.

आवाज. नुसतं काम करताना कार्ड ऐकू येत नाही. गेममध्ये त्याचा तो लहानसा पंखा बारीक, चिरका सूर धरतो, शेजारच्या खोलीत दार उघडं असेल तर ऐकू जातो. फ्रेम साठावर बांधून टाकल्यावर तो बराच उतरला, कारण कार्ड उगाच शंभर फ्रेम काढत बसत नाही. पाचव्या महिन्यात मात्र साध्या कामातही सूर येऊ लागला. तापमान बघितलं तर गेममध्ये नेहमी ७६-७७ अंशांवर थांबणारं कार्ड ८४ पर्यंत चढत होतं. कार्ड काढून उजेडात धरलं. हीटसिंकच्या पात्यांमध्ये पंख्याच्या बाजूने राखाडी नमद्यासारखा थर बसला होता, पलीकडचं काही दिसत नव्हतं. पंखा बोटाने धरून ठेवून मऊ ब्रशने आणि हवेच्या पंपाने साफ केलं, आणि आकडा परत ७६ वर आला. चपट्या कॅबिनेटमध्ये हवा एकाच तोंडाने आत येते आणि कार्ड तिच्या वाटेवर असतं, म्हणून आता दर तीन महिन्यांनी झाकण उघडते. पुढच्या जाळीला आतून पातळ फिल्टरचा तुकडा लावलाय, त्याने धूळ निम्म्यावर आली.

पूर्ण उंचीचा मूळ ब्रॅकेट आणि त्याचे दोन स्क्रू पाकिटात घालून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवलेत. हे कार्ड उद्या मोठ्या मशीनमध्ये गेलं तर ज्याच्याकडे जाईल त्याला ते शोधत बसावं लागणार नाहीत.