जांभळी नाक्यावरचं काष्ठौषधींचं दुकान: इराणी माल अख्खा घ्या, दळलेला नको

ठाण्यात काष्ठौषधी म्हटलं की पावलं जांभळी नाक्याकडे वळतात. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून बाजारपेठेतून चालत यावं. गाडी आणायच्या भानगडीत पडू नये, तलावपाळीला चार फेऱ्या मारूनही ती लावायला जागा मिळत नाही. याच बाजारातल्या एका जुन्या वळणाच्या दुकानाबद्दल हे लिहितो आहोत. वेखंड, मुरुडशेंग, बाळहरडा असा बाळगुटीचा सगळा संसार इथे आहेच, पण तो गावात इतर दहा ठिकाणीही मिळतो. इथे येण्याचं खरं कारण म्हणजे मागच्या भिंतीवरच्या दोन फळ्या. त्यांवर इराणहून येणारा आणि इराणच्या नावावर खपणारा असा दोन्ही माल शेजारी शेजारी बसलेला असतो: केशर, हिंग, गावजबान, बेहदाना, उन्नाब, कतिरा, खाकसीर. कुठला माल कुठला, हे गिऱ्हाइकानेच ओळखायचं असतं. विचारलं तर सांगतात, न विचारता कोणी सांगत नाही.

मुळात घोळ नावांचा आहे. युनानी वैद्यकातली बरीच नावं फारसी-अरबी. ती इकडे आली तेव्हा वनस्पती दर वेळी सोबत आली नाही, मग मिळतंजुळतं जे हाताशी होतं त्याला तेच नाव चिकटलं. गावजबान हे याचं ठळक उदाहरण. शब्दाचा अर्थ गाईची जीभ, पानाच्या खरखरीतपणावरून पडलेला. इराणात गुल-ए-गावजबान म्हणजे एकियम अमीनम या उत्तर इराणातल्या झाडाची जांभळट फुलं. आपल्या बाजारात मात्र गावजबान म्हणून ओनोस्मा ब्रॅक्टिएटम या हिमालयातल्या झाडाची जाड, केसाळ पानं मिळतात. कूळ एक, झाडं दोन. दुकानात दोन्ही आहेत, पण ‘गुल’ किंवा ‘फूल’ असं स्पष्ट मागितल्याशिवाय पुडीत पानंच पडतात.

फुलं घेताना रंग बघा. वाळूनही जांभळी राहिलेली असतील तर घ्या, तपकिरी पडली असतील तर ती जुनी. इराणी घरांत ही फुलं वाळलेल्या लिंबासोबत करतात. कपभर पाण्याला चमचाभर फुलं आणि अर्धं वाळलेलं लिंबू, मंद आचेवर पाच-सात मिनिटं. लिंबाच्या बिया आधी काढायच्या, नाहीतर सगळा काढा कडू होतो. लिंबू उतरलं की जांभळट पाणी गुलाबी-लाल होतं, आणि हीच घरच्या घरी करायची सोपी परीक्षा. रंग बदललाच नाही तर फुलांत दम उरलेला नाही.

काउंटरवर मात्र ‘रोज घ्या, छातीतली धडधड जाते’ असं बिनधास्त सांगितलं जातं, ते ऐकू नका. या कुळातल्या बऱ्याच वनस्पतींत यकृताला घातक असे पायरोलिझिडिन अल्कलॉइड असतात आणि एकियममध्येही ते सापडलेले आहेत. कधीतरी एखादा कप ठीक. महिनोन्‌महिने रोज नको, आणि गरोदर, अंगावर पाजणाऱ्या किंवा यकृताचा त्रास असलेल्या माणसाने तर अजिबात नको. धडधड होत असेल तर आधी ईसीजी काढा.

केशराच्या बाबतीत दुकान चोख आहे. जगातलं बहुतेक केशर इराणचं, त्यातही खोरासान भागातलं. त्याच्या प्रती समजल्या की भाव समजतो. ‘दस्ता’ म्हणजे खालच्या पिवळ्या देठासकट अख्ख्या काड्यांची जुडी. ‘पुशाल’मध्ये थोडासा पिवळा भाग राहतो. ‘सरगोल’ म्हणजे फक्त लाल टोकं, आणि ‘नगीन’ म्हणजे त्यातलीच लांब, जाड, न तुटलेली. रंग आणि कडवटपणा लाल भागात असतो, त्यामुळे दस्ता स्वस्त पडला असं वाटलं तरी वजनातला एक हिस्सा देठाचा असतो. इथे सरगोल आणि नगीन 1 ग्रॅमच्या बंद डब्यांत मिळतं. सुट्टं केशर ठेवत नाहीत, हे बरं करतात. नगीनला जास्त पैसे मोजावेत असं मात्र वाटत नाही. खिरीत किंवा दुधात ते खलूनच जाणार, मग काडी लांब असली काय नि आखूड असली काय!

तपासायचं कसं? कपभर कोमट पाण्यात दोन काड्या टाका. खऱ्या केशराचा रंग हळूहळू सुटतो, दहा-पंधरा मिनिटं घेतो, पाणी सोनेरी पिवळं होतं आणि काडी लालच राहते. टाकल्याबरोबर लाल ढग उठला आणि काडी पांढरी पडली तर तो रंगवलेला माल. जिभेवर खरं केशर कडवट लागतं. गोड लागलं तर काड्यांवर पाक किंवा मध चढवून वजन वाढवलंय. कागदात दाबून तेलकट डाग पडला तरी परत करा. ग्रॅमभर केशराला साधारण दीडशे फुलं लागतात, तेव्हा स्वस्त केशराचं गणित तिथेच चुकतं.

वापरताना बहुतेक जण काड्या थेट उकळत्या दुधात टाकतात आणि अर्धा वास वाफेबरोबर घालवतात. त्यापेक्षा चिमूटभर साखरेबरोबर खलबत्त्यात बारीक खला, दोन चमचे गरम पण न उकळणारं पाणी घाला आणि झाकून दहा मिनिटं ठेवा. अर्धा लिटर दुधाला पंधरा काड्या रग्गड होतात. औषध म्हणून जास्त घेण्याचा मोह धरू नका. 5 ग्रॅमच्या आसपास केशर विषारी ठरू शकतं, आणि गरोदरपणात स्वयंपाकापुरतंच ठेवावं.

हिंगाचं प्रकरण उलटं. फळीवर ‘इराणी हिंग’ लिहिलेल्या डब्या आहेत, पण त्यांतली बहुतेक बांधणी हिंग, म्हणजे मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक यांत मिसळलेला. यात फसवणूक नाही. रोजच्या फोडणीला तोच बरा, कारण शुद्ध हिंग इतका उग्र असतो की चौघांच्या आमटीला मोहरीएवढा खडा पुरतो. पण लेबल वाचा. गव्हाचं वर्ज्य असलेल्यांना मैद्याचा हिंग चालत नाही. शुद्ध हवा असेल तर ‘खडा’ मागा. पाण्यात चोळला की दुधासारखं पांढरं पाणी होतं आणि खाली पिठाचा गाळ बसत नाही. हा माल आपल्याकडे अजून बाहेरूनच येतो. हिमाचलातल्या पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेने लाहौल खोऱ्यात हिंगाचं पहिलं रोप लावलं ते ऑक्टोबर 2020 मध्ये, आणि हे झाड डिंक द्यायला काही वर्षं घेतं. बाळाच्या बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावायला आजीची हरकत नसते, आमचीही नाही. तान्ह्या बाळाला पोटात मात्र देऊ नका, त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता बिघडल्याची नोंद वैद्यकात आहे.

खोकल्याचा जोशांदा, म्हणजे युनानी काढा, करायचा असेल तर या दुकानाला तोड नाही, तिन्ही जिन्नस एका जागी मिळतात. युनानीतलं ठरलेलं माप असं: बेहदाना 3 ग्रॅम, उन्नाब 5 दाणे, सपिस्तान 9 दाणे. सपिस्तान म्हणजे आपलं वाळलेलं भोकर. उन्नाब म्हणजे मोठं लाल बोर, इराणात ते बिरजंदच्या बाजूला पिकतं. बेहदाना हे बिही (इंग्रजीत क्विन्स) नावाच्या फळाचं बी. यादी फोनवर सांगू नका, हमखास बेदाणे येतात.

तिन्ही एकत्र उकळण्याची चूक सगळे करतात. बेहदाना उकळला की इतका बुळबुळीत होतो की गाळणीतून उतरतच नाही. तो अर्धी वाटी गार पाण्यात तासभर वेगळा भिजवा आणि फडक्यातून लुआब, म्हणजे चिकट पाणी, काढून घ्या. उन्नाब फोडून आणि भोकरं ठेचून पेलाभर पाण्यात मंद आचेवर ठेवा, पाऊण पेला उरला की गाळा, कोमट झाल्यावर लुआब मिसळा. बी कुटायचं नाही, चावायचं नाही, मिक्सरला तर मुळीच लावायचं नाही. त्यात अमिग्डालिन असतं आणि बी फुटलं की त्यातून सायनाइड तयार होतं. अख्खं भिजवून टाकून दिलं की प्रश्न मिटतो. या दुकानात बेहदान्याची पूडही ठेवलेली दिसते, ती का ठेवतात कळत नाही. घशाची खवखव आणि कोरडी ढास यांना या काढ्याने आराम पडतो, त्यापलीकडे अपेक्षा नको. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर काढा बंद आणि महापालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी.

कतिऱ्यात पुन्हा तोच नावाचा घोळ. इराणी कतिरा अ‍ॅस्ट्रागॅलस या काटेरी झुडपाचा. त्याच्या पातळ, पांढरट, फितीसारख्या चकत्या असतात आणि त्याला वास नसतो. बाजारात बहुतेक वेळा मिळतो तो आपल्या जंगलातल्या कांडोळाचा डिंक: खड्यांसारखा, आणि डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबूस वास. सरबतात दोन्ही फुगतात, त्यामुळे उन्हाळ्यापुरता कांडोळाचा घेतला तर काही बिघडत नाही, फक्त इराणीचा भाव देऊ नका. चमचाभर कतिरा मोठ्या भांड्यात रात्रभर भिजवा. अर्धवट भिजलेला गिळला तर घशात किंवा आतड्यात फुगून अडकू शकतो. आणि हा डिंक लाडवाचा नव्हे. तुपात तळून फुलतो तो बाभळीचा किंवा धावड्याचा, कतिरा कढईत टाकला की तूपही जातं आणि कतिराही.

खाकसीर, म्हणजे सरबतात घालायचं बारीक बी, रेताड येतं, सगळीकडेच येतं. पेल्यात भरपूर पाणी घेऊन ढवळा, बी तरंगतंय तोवर दुसऱ्या पेल्यात ओता, तळाची वाळू फेका, असं चार-पाच वेळा. मग साखर, गुलाबपाणी आणि बर्फ. ज्येष्ठमध काडीचं घ्या, मोडल्यावर आत पिवळं दिसायला हवं. रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी ते रोज चघळू नये, त्याने दाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं.

आता तक्रार. दाराशीच, नजरेच्या उंचीवर, सुट्ट्या चूर्णांच्या बरण्या आहेत: शुगरचं चूर्ण, सांधेदुखीचं चूर्ण, कशावर घटक नाहीत, परवाना क्रमांक नाही, तारीख नाही. ‘शुगर मुळापासून जाते’ अशी हाताने लिहिलेली चिठ्ठीही आहे, आणि औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींबद्दलच्या 1954 च्या कायद्याने मधुमेहाबद्दल असा दावा करायलाच मनाई आहे. सांधेदुखीच्या बिनलेबलाच्या भुकट्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत. दळलेल्या मालात काय आहे ते नाकाडोळ्यांनी कळत नाही, आणि या दुकानातली एकूण एक चांगली गोष्ट नाकाडोळ्यांनीच पारखून घ्यायची आहे.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. ठाण्याच्या दमट हवेत श्रावणापर्यंत उन्नाबाला भोकं पडतात आणि फुलांना बुरशीचा वास येतो. वर्षाचा साठा करू नका. इराणात केशराची तोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, तेव्हा नवं केशर आपल्याकडे थंडीत मागावं. आणि काटा 10 ग्रॅमच्या खाली तोलत नाही, म्हणून बेहदाना थोडा जास्तच घ्यावा लागतो. घरी तीन ग्रॅमच्या पुड्या करून काचेच्या घट्ट बरणीत ठेवा, वर ‘कुटू नये’ अशी चिठ्ठी लावून.